महोत्सव फडाच्या वाटेनं आणा

प्रति,
मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

महोदय,

ढोलकीफडाच्या तमाशाचा महोत्सव आपलं संचालनालय भरवत आलं आहे, आणि तो एकाच शहराला बांधून न ठेवता जागा बदलत नेतं. दशावतार, खडीगंमत, शाहिरी, कीर्तन यांचेही महोत्सव आपण घेता. त्याबद्दल आभार मानतो आणि एक मागणी करतो. तमाशा महोत्सव जालन्याला आणा. आणाल तेव्हा मैदानात, तंबूत आणि तिकीट लावून आणा.

तंबू आणि तिकीट हे शब्द सरकारी कार्यक्रमाच्या संदर्भात विचित्र वाटतील. नाट्यगृह, मोफत प्रवेशिका, पुढच्या दोन रांगा राखीव, दीपप्रज्वलन, मग चारपाच भाषणं आणि उरलेल्या वेळात फड, अशीच आता सगळ्यांना सवय झाली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मस्तगडात राहतो. 1725 साली आसफजाहच्या हुकमानं काबिलखानानं बांधलेली ही गढी. पुढे तिच्यात नगरपालिकेचं कार्यालय आलं, भोवती वस्ती वाढली, आणि आज 'मस्तगड' म्हटलं की जालनेकरांना किल्ल्याआधी मोहल्ला आठवतो. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. स्टील आणि बियाण्यांच्या धंद्यानं शहर वाढवलं. परगावचे कामगार आले, बाजारपेठ फुगली, 2023 साली महानगरपालिका झाली. या गावाला गाण्याबजावण्याचं वावडं कधीच नव्हतं. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, आषाढीला आनंदीस्वामींची यात्रा भरते, चौदा एप्रिलच्या आसपास गल्लोगल्ली भीमगीतांचे सामने रंगतात. जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऐकणारा कान इथे तयार आहे, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं.

आता मुद्द्यावर येतो. सरकारच्या महोत्सवाला काही दशकांचा इतिहास असेल; पण 'फिरता महोत्सव' ही गोष्ट सरकारनं शोधलेली नाही. ती फडांनी शोधली. सगळा फड म्हणजेच एक फिरता संगीत महोत्सव आहे, आणि त्याच्या वाटा, त्याचे महिने, त्याचे मुक्काम हे कुठल्याही परिपत्रकाआधी ठरलेले आहेत.

पावसाळा संपत आला की पांगलेली माणसं मालकाच्या गावी तालमीला जमतात. नवा वग बसतो, कोणत्या लावण्या ठेवायच्या नि कोणत्या गाळायच्या ते ठरतं, कनातीला ठिगळं लागतात, ट्रकांची कामं होतात. मोठ्या फडात शंभराच्या वर माणूस असतं: नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, सुरते, ढोलकीवाला, हलगीवाला यांच्याबरोबर तंबू ठोकणारे बिगारी, आचारी, चालक, तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस. दसऱ्याला नारळ फुटतो आणि गाड्या बाहेर पडतात. दसरा ते फाल्गुन हे महिने तंबूच्या फडांचे. आज या बाजाराच्या गावी, उद्या त्या जत्रेत, तिकिटावर खेळ. आणि ही तिकिटावरची वाट मुख्यतः खानदेशातून, विदर्भातून आणि आमच्या मराठवाड्यातून जाते. चैत्र लागला की वाट फिरते. पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात आणि फड सुपारीवर खेळतात. ती सुपारी ठरते नारायणगावात. पाडव्याच्या आधीपासून तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा होतो, घासाघीस होते, कालाष्टमीला कोण नि पौर्णिमेला कोण हे वहीत चढतं. बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम उतरतो.

महोदय, या दोन वाटांतला फरक आपण लक्षात घ्यावा असं मला फार वाटतं. चैत्रात गाव वर्गणी काढतं आणि प्रेक्षकाला तमाशा फुकट दिसतो. तिथे ऊस आहे, कारखाना आहे, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आहेत, वर्गणी जमते. आमच्याकडे माणूस खिडकीवर उभा राहून, खिशातून नोट काढून आत जात आला. त्याच्या भरवशावर फड हिवाळा काढत आले. पाऊस दडी मारतो तेव्हा तो खिडकीवर येत नाही, आणि मग मालकाला कलावंतांना दिलेली उचल फेडून घेणं मुश्किल होतं. ही उचल मालकानं सावकाराकडूनच आणलेली असते. जालना-बीडचं दुष्काळी वर्ष नारायणगावच्या वहीत असं उतरतं. तमाशाचा आधार म्हणून पश्चिम महाराष्ट्राचं नाव सगळे घेतात, ते रास्तच आहे. पण आमच्या बाजूच्या तिकीट काढणाऱ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. महोत्सव त्याच्याकडे यावा, तोही त्याला फुकट पासाची रांग न दाखवता. तमाशा ही विकत घेऊन पाहण्याजोगी कला आहे, असं त्यानं आजवर मानलं. सरकारनंही मानावं. तिकीट शंभर रुपयांच्या आतलं असू द्या, बायांसाठी वेगळी, नीट उजेडाची बैठक असू द्या, आणि गल्ला त्या रात्रीच्या फडाला द्या.

जत्रेच्या अंगणात सरकारी यंत्रणेनं उभं राहायचं, याला आमच्या शेजारीच दाखला आहे. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, फडांचे तंबू, आणि त्याच गर्दीत जिल्हा परिषद लावणी आणि लोककलांचे महोत्सव घेते. माणसं आधीच तिथे असतात. त्यांना बसगाड्या पाठवून आणावं लागत नाही.

इतिहासाचा दुसरा धागा जास्त अवघड आहे, पण तो टाळून हे पत्र पुरं होणार नाही. स्वातंत्र्य आलं त्याच सुमारास मुंबई प्रांतात खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. जालना तेव्हा त्या प्रांतात नव्हता, निजामाच्या हद्दीत होता. बंदी पुढे अटींवर उठली. वगांच्या संहिता तपासल्या जाऊ लागल्या, अश्लील काय नि चालण्याजोगं काय याचे निवाडे झाले. अश्लीलतेची तक्रार सगळी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी बंदी घातली आणि ज्यांच्यावर ती आली, त्यांच्यामध्ये जातीची एक भिंत होती, हे आपणही जाणता. महार, मांग, कोल्हाटी घरांतून ही कला वाढली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866-1945) घरदार सोडून पठ्ठे बापूराव झाले, हिवरगाव पावसाच्या पवळाबरोबर फडावर उभे राहिले, तेव्हा ती भिंत ओलांडण्याची किंमत त्यांनी जन्मभर मोजली. पवळानं किती मोजली ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि मग विठाबाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरात, पंढरपुरात 1935 साली जन्म. पोटात नऊ महिन्यांचं बाळ घेऊन बोर्डावर नाचल्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, ही त्यांची हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ती ऐकताना लोक 'वा' म्हणतात. मला दर वेळी वाटतं की त्या रात्रीचा खेळ थांबवता आला असता तर बरं झालं असतं, आणि तो थांबवण्याची ऐपत फडाला नव्हती, हीच त्या हकीकतीतली खरी गोष्ट आहे. 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. शेवटचे दिवस हलाखीत गेले. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या आणि नंतर शासनानं त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, हरिभाऊ बडे, मंगला बनसोडे, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे अशी मोलाची माणसं त्या यादीत आहेत. बंदी घालणारं राज्य पुढे पुरस्कार देतं आणि महोत्सव भरवतं, हा प्रवास चांगल्या दिशेनं झाला आहे. तो अर्ध्यावर थांबू नये एवढंच म्हणणं. पुरस्कार मिळतो तो कलावंत थकल्यावर. महोत्सव मात्र आज नाचणाऱ्या, आज ढोलकी धरणाऱ्या माणसाच्या हातात पैसे ठेवू शकतो, आणि तेही खेळ संपल्या रात्री. बिल महिनोन्‌महिने लटकलं तर मालक ते व्याजानं भरून काढतो. फडाच्या जगात रोखीला पर्याय नाही.

25 मार्च 2020 रोजी गुढीपाडवा होता. देशभर टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशी. नारायणगावच्या राहुट्या, पंचांच्या गाड्या, सुपाऱ्या, सगळं ज्या दिवसावर उभं असतं त्या दिवशी रस्ते बंद झाले. पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. शेतमजुरी, भाजीची गाडी, धुणीभांडी अशी कामं कलावंतांनी धरली. काही परत बोर्डावर आले नाहीत. ढोलकीवाला एकदा कारखान्यात लागला की दसऱ्याला परत येईलच असं नाही, आणि ढोलकीवाला काही जाहिरात देऊन मिळत नाही.

ढोलकीबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण मैदानाचा माझा आग्रह तिच्यामुळेही आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूच्या मागं जाऊन उभं राहिलं तर दिसतं: पाचटाचा नाहीतर पुठ्ठ्याचा जाळ केलेला असतो आणि हलगीवाला हलगीचं कातडं त्या धगीवर फिरवत असतो. धग लागली की कातडं ताणतं, आवाज चढतो. मधेमधे तो बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा धगीवर धरतो. शेजारी ढोलकीवाला गुडघ्यात ढोलकी धरून दोरीतल्या कड्या एकेक करून सरकवतो. शाईच्या पुडीवर बोट मारतो, कान लावतो, अजून एक कडी. तुणतुण्याची तार लागलेली असते, तिच्याशी शाई जुळेपर्यंत हे चालतं. दुसऱ्या तोंडाचा घुमारा तो शेवटी बघतो. मग दोघं बोर्डावर येतात आणि सलामी सुरू होते. आधी संथ, एकमेकांची वाट बघत; मग ढोलकी एक तुकडा टाकते, हलगी तो उचलून परत देते, पुन्हा टाकते, आणि पाचदहा मिनिटांत बाहेर चहाच्या टपरीवर रेंगाळणारा माणूस खिडकीकडे चालायला लागतो. सलामी असते ती याचसाठी. ती गर्दी गोळा करण्याची हाक आहे, अर्ध्या कोसावर जाण्यासाठी घडलेली. नाट्यगृहात लोक आधीच खुर्चीत बसलेले असतात, सलामी उरकली जाते, निवेदक माईक घेतो. शिवाय बंद सभागृहात जाळ कुठला? मग हलगीच्या जागी प्लॅस्टिकच्या पानाचं वाद्य येतं, ते ताणावं लागत नाही, आणि त्याला हलगीचा तो कडक, कोरडा आवाजही नसतो.

सभागृहाच्या बाजूनं एक खरं कारण आहे ते मला मान्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. या नियमानं तमाशाचं जेवढं रूप बदललं तेवढं सिनेमानंही बदललं नसेल. पूर्वी गण, गौळण, बतावणी, लावण्या, रंगबाजी असं चढत चढत मध्यरात्र व्हायची आणि मग वग लागायचा, तो तांबडं फुटेपर्यंत. दहाची मर्यादा आल्यावर पहिला बळी वगाचा गेला. नऊला लोक जेवून येणार आणि दहाला खेळ बंद. मग मालकानं करायचं काय? सिनेमाची गाणी, झगझगीत दिवे, तासाभरात जमेल तेवढं. लोक म्हणतात, तमाशाचा ऑर्केस्ट्रा झाला. झाला खरा, पण त्याला निम्मं कारण घड्याळ आहे. वग गेला की सोंगाड्या जातो, राजा-प्रधानाची भाषा जाते, आयत्या वेळी गावातल्या सरपंचाला चिमटा काढणारी हजरजबाबी बतावणी जाते. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' ज्यांनी पाहिलं, ते त्यातल्या गाण्यांपेक्षा त्यांच्या बोलण्याबद्दलच सांगतात.

त्याच नियमांत वाटही आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. त्यातले बहुतेक गणपती-नवरात्रात संपतात. काही जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती उरतात. महोत्सवाच्या रात्री त्या उरलेल्या दिवसांत बसवा. संध्याकाळी सहाला सलामी आणि बाराला मुजरा, मधे सहा तास. सहा तासांत गण ते वग सगळा क्रम मांडून होतो. दर रात्री एकच फड ठेवा. एका संध्याकाळी चार फडांना चाळीस-चाळीस मिनिटं देऊन कुणाचंच काही होत नाही. आणि फडांना आधीच सांगा की महोत्सवात पुरा वग लागेल. तो बसवायला महिना लागतो, म्हणून तालमीचा खर्च वेगळा द्या. भाषणांची गरज भासली तर ती दुपारी घ्या.

फिरता महोत्सव कसा चालवावा याचा एक परदेशी नमुना मला फार आवडतो. वेल्स हा ब्रिटनमधला छोटासा देश. तिथे वेल्श भाषेतल्या कवितेचा नि गाण्याचा राष्ट्रीय महोत्सव एकोणिसाव्या शतकापासून भरतो, आइस्तेद्वोद त्याचं नाव. एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. यजमान गाव कोणतं, याची घोषणा किमान एक वर्ष आणि एक दिवस आधी समारंभानं करायची असा रिवाज आहे. त्या वर्षभरात गाव समित्या नेमतं, निधी जमवतं, गाणारे गट उभे करतं. महोत्सव आठवडाभराचा, पण गावाचं काम वर्षभराचं. आपल्या साहित्य संमेलनाचंही थोडंफार असंच आहे. 1878 साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, आणि आज यजमानपदासाठी गावांमध्ये चुरस असते, स्वागत समित्या बसतात. तमाशा महोत्सवाच्या वाट्याला हा मान अजून आलेला नाही. कार्यक्रम ठरतो, चारआठ दिवस आधी फलक लागतो, आणि ज्या गावी तो भरतो त्या गावालाच तो उशिरा कळतो. एक वर्ष खानदेश, एक वर्ष मराठवाडा, एक वर्ष विदर्भ, मग पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण, असा फेरा बांधून वर्षभर आधी जाहीर करता येणार नाही का?

तो वेळ मिळाला तर जालना काय करील ते सांगतो. इथल्या गोंधळ्यांना, भारूड करणाऱ्यांना, भीमगीतं गाणाऱ्या पोरांना फडाच्या आधी अर्धा तास देता येईल. ढोलकीवाले आणि सुरते दोन दिवस आधी आले तर अंबडच्या संगीताच्या विद्यार्थ्यांना त्यांच्यापुढे बसवता येईल. लावणीतल्या झीलची फिरत शास्त्रीय गाणाऱ्यानं जवळून ऐकावी अशीच असते. जुन्या फडमालकांकडे वगांच्या हस्तलिखित वह्या आहेत, कित्येक वग तर फक्त पाठ आहेत. महोत्सवात पुरा वग लागेल तेव्हा तो चांगल्या प्रतीनं ध्वनिमुद्रित आणि चित्रित करा, कलावंतांची परवानगी आणि मानधन घेऊन-देऊन, आणि एक प्रत त्या फडाला द्या. आजवर फडाच्या गाण्यांवर इतरांनी पुष्कळ कमावलं.

जागेचं म्हणाल, तर गढीच्या आत तंबू लागणार नाही आणि लावूही नये. ती वास्तू आधीच थकली आहे. पण शहरात मैदानं आहेत, आणि ट्रक आत-बाहेर होतील, पाण्याचा टँकर उभा राहील, बायांच्या मुक्कामाला दार बंद होणारी खोली नि स्वच्छतागृह मिळेल, अशी जागा महानगरपालिकेनं मनावर घेतलं तर आठवड्यात ठरेल. मुक्कामाच्या सोयीबद्दल आपण लेखी हमी घ्यावी. फडातल्या बाया कनातीच्या आडोशाला आंघोळ करतात आणि ट्रकच्या हौद्यात झोपतात. शासनाच्या महोत्सवात तरी हे होता कामा नये.

दिवसांबद्दलही विनंती आहे. महोत्सव मार्गशीर्ष-पौषात ठेवा. तेव्हा तंबूचे फड आमच्याच भागात असतात, त्यांचा प्रवासखर्च वाचतो, कापसा-सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, थंडीत माणूस चादर घेऊन बाराला सुद्धा बसतो. चैत्रात बोलावलंत तर फडाची सुपारी बुडेल.

फडांचा हिवाळी दौरा दसऱ्याला ठरून जातो. आपलं उत्तर त्याआधी आलं, तर या वर्षी जमेल की पुढच्या, हे मालकांना विचारून आम्ही कळवू, आणि महानगरपालिकेकडे मैदानाचा अर्जही त्याच आठवड्यात देऊ.

आपला,
मस्तगड, जालना येथील एक तमाशारसिक